विमानाचे अंतर आणि उंबरठ्याचे अंतर

कर्जतहून पुणे किती लांब, असे परक्या माणसाने विचारले तर आपल्याकडचे कोणी त्याला किलोमीटर सांगत नाही. "गाडीने दोन तास," असे सांगतात. खोपोलीहून लोणावळा विचारा, "घाट मोकळा असला तर अर्धा तास," हे उत्तर ठरलेले आहे. अंतर विचारावे आणि वेळ सांगितली जावी, ही सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची जुनी रीत आहे. तीत अडाणीपणा नाही, अनुभव आहे. "घाट मोकळा असला तर" या चार शब्दांत तर प्रवासशास्त्राचे अर्धे सार आले.

विमानाची गोष्ट निघाली, की मात्र हे शहाणपण आपण घरी ठेवून बाहेर पडतो. विमान तासाला आठशे किलोमीटर जाते, तेव्हा आठशे किलोमीटरचा प्रवास एका तासात होणार, असे सरळ त्रैराशिक आपण मांडतो. आणि मग प्रवासाचा सबंध दिवस गेला म्हणजे नशिबाला बोल लावतो. या त्रैराशिकात चूक कोठे होते, हे आज पाहावयाचे आहे. निमित्त एका घरगुती प्रश्नाचे आहे.

आमच्या आळीतील एका सूनबाईंनी आम्हांला विचारले, "काका, चिपीहून गोंदियाला विमानाने किती वेळ लागेल हो?" त्यांचे माहेर गोंदियाकडचे, सासरचे मूळ घर कुडाळजवळचे, संसार मात्र इथे कर्जतला. दोन्हीकडची वडीलधारी माणसे आता थकली आहेत. सुटीत मुलांना घेऊन एकीकडे जावे आणि नेमका दुसरीकडून फोन यावा, असे त्यांच्या बाबतीत एकदा घडून गेले होते. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला, गोंदियाजवळ बिरसीला महायुद्धाच्या काळापासून धावपट्टी आहे, मग आता प्रश्न कसला, असे त्यांना वाटले तर त्यात नवल नाही. आम्ही म्हटले, "पाहून सांगतो." सांगायला आम्हांला आठवडा लागला, कारण पाहू लागल्यावर ध्यानात आले, की या प्रश्नाला एक नव्हे, तीन उत्तरे आहेत. पहिले नकाशाचे, दुसरे विमानाचे आणि तिसरे उंबरठ्याचे.

नकाशाचे उत्तर

पहिले उत्तर सर्वांत सोपे. शाळेतला मुलगाही ते काढू शकेल. पृथ्वीवर उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दर्यावर्दी लोकांनी या अंशाचे साठ भाग केले आणि एकेका भागाला सागरी मैल म्हटले. तो १,८५२ मीटरचा असतो, आणि विमानविद्येनेही तोच उचलला आहे. पूर्व-पश्चिम अंशाची गोष्ट थोडी निराळी. विषुववृत्तावर तो तेवढाच लांब, पण उत्तरेकडे सरकावे तसा आखूड होत जातो. संत्र्याच्या फोडी मध्यावर रुंद आणि देठाशी निमुळत्या असतात तसा. महाराष्ट्राच्या मध्यावर, म्हणजे १९ अंश अक्षांशाच्या आसपास, पूर्व-पश्चिम एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचा भरतो.

आता चिपी घ्या: अक्षांश १६, रेखांश ७३.५. बिरसी घ्या: अक्षांश २१.५, रेखांश ८०.३. उत्तरेकडे साडेपाच अंश, म्हणजे ६१० किलोमीटर. पूर्वेकडे ६.८ अंश, म्हणजे ७१४ किलोमीटर. काटकोन त्रिकोणाच्या या दोन बाजू. दोहोंचे वर्ग करून मिळवा आणि वर्गमूळ काढा, कर्ण येतो सुमारे ९४० किलोमीटर. पृथ्वी गोल असल्यामुळे खरा हिशेब थोडा किचकट आहे; पण एवढ्या अंतराला त्याने फारसा फरक पडत नाही. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या लांबच्या पल्ल्याला मात्र पडतो. त्या दोन शहरांमध्ये पृथ्वीगोलावर दोरी ताणून पाहावी, म्हणजे ती भिंतीवरच्या नकाशातल्या सरळ रेघेच्या किती तरी उत्तरेकडून जाताना दिसेल. गोलावरचा जवळचा मार्ग सपाट कागदावर वाकडा दिसतो.

चिपी-गोंदिया ही रेघ नकाशावर ओढली तर मोठी मौज दिसते. कोकणातून सह्याद्री ओलांडून ती मिरज-जतच्या बाजूने निघते, लातूर आणि नांदेड या दोन शहरांच्या जवळजवळ माथ्यावरून जाते, आणि वणीच्या बाजूने वैनगंगेच्या खोऱ्यात उतरते. एका टोकाला भात म्हणतात, दुसऱ्या टोकाला धान. पीक मात्र एकच. मधल्या सातशे किलोमीटरांत ज्वारी, तूर, सोयाबीन आणि कापूस.

या ९४० किलोमीटरांना "हवाई अंतर" म्हणतात. ते फसवे आहे असे नाही, पण ते कोणाच्याही पायाखालचे अंतर नाही. आपल्या दारातलेच उदाहरण पाहा. कर्जत आणि लोणावळा या दोन स्टेशनांमधले सरळ अंतर सुमारे २० किलोमीटर आहे. लोहमार्गाचे २८ किलोमीटर आहे. हे जादा आठ किलोमीटर कोणी हौसेने घेतले नाहीत. बोरघाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट यापेक्षा अधिक तीव्र ठेवता येत नव्हता, म्हणून डोंगराच्या कडेकडेने मार्ग लांबवावा लागला. सुमारे १,८३० फूट चढण्यासाठी पंधरा मैलांहून अधिक वाट, पंचवीस बोगदे, आणि हजारो मजुरांचे श्रम व कित्येकांचे प्राण खर्ची पडले.

मुंबई आणि नागपूर यांचे तीन आकडे याच दृष्टीने शेजारीशेजारी मांडण्यासारखे आहेत. हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर, लोहमार्ग ८३७ किलोमीटर, आणि जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर. रस्ता पाखराच्या वाटेच्या इतका जवळ आला, याचे कौतुक करावेच. पण हा महामार्ग भिवंडीजवळ आमणे येथे संपतो, हेही लक्षात ठेवावे. तिथून मुंबईतल्या घरापर्यंतची वाट या ७०१ मध्ये धरलेली नाही. प्रत्येक आकड्याला दोन टोके असतात, आणि आकडा सांगणारा बहुधा टोकांविषयी बोलत नाही.

विमानाचे उत्तर

आता दुसरे उत्तर. ९४० किलोमीटर उडायला किती वेळ?

हे विमानावर अवलंबून आहे. लहान विमानतळांवर बहुधा दोन जातींची विमाने येतात. एक पंख्याचे, सत्तर-पंचाहत्तर माणसांचे. ते तासाला सुमारे पाचशे किलोमीटर जाते. दुसरे जेट, ते आठशेच्या आसपास जाते. त्रैराशिकाने पहिल्याला ११३ मिनिटे लागतात, दुसऱ्याला ७०. पण विमान फाटकातून निघाल्याबरोबर या वेगाने धावू लागत नाही. आधी ते जमिनीवर रांगत धावपट्टीच्या टोकाला जाते. मग उंच चढत असताना त्याचा वेग कमी असतो. उतरण्यापूर्वी दीड-दोनशे किलोमीटर आधीच ते खाली येऊ लागते आणि पुन्हा मंदावते. वारा ज्या दिशेकडून येतो तिच्याकडे तोंड करून उतरावे लागते, म्हणून कधी विमानतळाला वळसा घालावा लागतो. शिवाय आकाशातही ठरलेल्या वाटा आहेत, लष्कराने राखून ठेवलेले भाग आहेत, आणि पावसाळ्यात चुकवावे लागणारे ढग आहेत. हे सर्व मिळवले, की पंख्याच्या विमानाला सुमारे सव्वादोन तास आणि जेटला सुमारे एक तास चाळीस मिनिटे, असा अंदाज निघतो.

वेळापत्रकात जो वेळ छापतात तो आकाशातला नसतो. चाकांखालचे ठोकळे काढले त्या क्षणापासून दुसऱ्या ठिकाणी ते पुन्हा लावले त्या क्षणापर्यंतचा तो असतो. विमान कंपन्या त्यात थोडी सैल जागाही ठेवतात. म्हणूनच विमान वीस मिनिटे उशिरा सुटून वेळेवर पोहोचले, असा चमत्कार पुष्कळांनी अनुभवला असेल.

वाऱ्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. हिवाळ्यात उत्तर व मध्य भारतावर उंच आकाशात पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. समजा, तो आपल्या वाटेवर ताशी शंभर किलोमीटरचा आहे. तर आठशेच्या वेगाचे जेट जमिनीच्या हिशेबाने गोंदियाकडे जाताना नऊशेने जाईल आणि ९४० किलोमीटर ६३ मिनिटांत संपवील. परतताना सातशेने येईल आणि ८१ मिनिटे घेईल. अंतर तेच, विमान तेच, फरक अठरा मिनिटांचा. आणखी एक गंमत अशी, की जाण्यायेण्याचा वारा एकमेकांना फिटत नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून १४१ मिनिटे झाली असती. वाऱ्यासह ती १४३ होतात. जाताना दिलेले दान वारा परतीच्या वाटेवर व्याजासह वसूल करतो, कारण त्याच्या तोंडावर विमान अधिक वेळ असते.

या मिनिटांचा हिशेब कोणाला कंटाळवाणा वाटेल. पण आपल्या देशात विमानसेवेचा पाया मिनिटांच्याच हिशेबावर घातला गेला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका लहानशा पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणले आणि ते मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. तेच टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. त्या विमानात प्रवाशाला जागा नव्हती, पत्रांना होती. पत्राला दार लागत नाही, सामान लागत नाही, वाट पाहण्याचा कंटाळा येत नाही. माणसाचे तसे नाही; आणि तिथूनच तिसरे उत्तर सुरू होते.

खोपोलीचा धडा

उंबरठ्याचे अंतर म्हणजे एका घराच्या दारातून दुसऱ्या घराच्या दारापर्यंत लागणारा वेळ. हा धडा जगाला खोपोलीइतका स्पष्ट कोणी दिला नसेल.

१८५६ साली मुंबईची आगगाडी खोपोलीपर्यंत आली. १८५८ साली वर खंडाळ्याहून पुण्याकडे गाडी सुरू झाली. मध्ये राहिला तो घाट. पुढची पाच वर्षे मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी खोपोलीला उतरत असे, सामान हमालाच्या डोक्यावर देत असे, आणि पालखीत, तट्टावर, बैलगाडीत किंवा पायी बोरघाटाच्या गाडीरस्त्याने खंडाळा गाठून पुन्हा गाडीत बसत असे. दोन्ही बाजूंना त्या काळची सर्वांत वेगवान वाहने उभी होती. प्रवास मात्र मधल्या चढाच्या चालीने होत होता. १८६३ साली घाटातून लोहमार्ग पूर्ण झाला तेव्हा इंजिनाचा वेग काही वाढला नव्हता, उलट घाटात तो कमीच होता. पण उतरणे, वाट पाहणे आणि पुन्हा चढणे संपले, आणि मुंबई-पुणे हे अंतर एकदम आखडले.

त्याच दिवशी खोपोलीचे महत्त्वही गेले. मुख्य मार्ग पळसदरीहून वळून घाटात शिरला आणि खोपोली ही एका शाखेचे शेवटचे स्टेशन झाली. जिथे प्रवाशाला थांबावे लागते तिथे बाजार भरतो, आणि थांबणे संपले की बाजार उठतो. कर्जतला मात्र गाडीला मागून जादा इंजिने जोडण्यासाठी थांबावे लागले, म्हणून कर्जतच्या फलाटाचे वडे देशभर ठाऊक झाले.

आता आमच्या प्रश्नाकडे येऊ. कुडाळकडून गोंदियाला थेट विमान नसेल तर कोठे तरी बदलावे लागते. दोन्ही ठिकाणांहून हैदराबादला विमाने गेलेली आहेत, म्हणून हैदराबादचा मार्ग धरू. चिपी-हैदराबाद सुमारे ५४० किलोमीटर, हैदराबाद-गोंदिया सुमारे ५१५ किलोमीटर, एकूण १,०५५. थेट रेघेपेक्षा वाढ फक्त ११५ किलोमीटरांची. त्रैराशिक सांगते, पंख्याच्या विमानाला चौदा मिनिटे अधिक. पण उंबरठ्याचा हिशेब मांडून पाहा. घरातून चिपीला तास, विमानतळावर दीड तास, पहिले उड्डाण दीड तास, हैदराबादला समजा चार तास थांबणे, दुसरे उड्डाण दीड तास, बाहेर पडायला अर्धा, गोंदिया शहरात पोहोचायला अर्धा. साडेदहा तास झाले. त्यांतले आकाशातले तीनसुद्धा पुरते नाहीत. आणि आज चिपीचे विमान असून गोंदियाचे नसेल, तर या बेरजेत सबंध रात्र मिळवावी लागते.

याला विमानाचा वेग काय करणार? पंख्याच्या विमानाऐवजी जेट आणले तर तासभर वाचेल. हैदराबादचे थांबणे चार तासांवरून एका तासावर आणले, तर तीन तास वाचतील. आणि ते आणायला नवे विमान लागत नाही, वेळापत्रक करणारा विचारी माणूस लागतो.

नागपूरची मध्यरात्र

असा विचार आपल्याच देशात, आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला आहे. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे, आणि चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला येऊन मिळत. तिथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई, आणि जो तो पहाटेपर्यंत आपल्या शहरी परत जाई. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात मिळे.

त्या विमानांचा वेग आजच्या मानाने अगदीच बेताचा होता. डकोटा विमान तासाला पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास जाई. नागपूरपासून मुंबई ६८०, दिल्ली ८५५, मद्रास ९१०, कलकत्ता ९८५ किलोमीटर. अंतरे सारखी नाहीत, म्हणून निघण्याच्या वेळा निरनिराळ्या ठेवल्या आणि पोहोचण्याची वेळ एक ठेवली. सेवेचे सारे मर्म एवढेच. चार संथ विमाने वेळेवर भेटली, म्हणून देश एका रात्रीचा झाला. वेगाने जे साधले नसते, ते भेटीने साधले.

पुढच्या काळात लहान शहरांना विमानाने जोडण्याची "उडान" योजना आली. २७ एप्रिल २०१७ रोजी तिच्या पहिल्या सेवा सुरू झाल्या, त्यांत आपली नांदेड-हैदराबाद सेवा होती. सुमारे पाचशे किलोमीटरच्या, तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजार रुपये, असा दर योजनेतील ठरावीक आसनांसाठी बांधून दिला होता. अंतर, वेळ आणि पैसा या तिन्हींची सांगड सरकारी कागदावर घातली गेली, ही चांगली गोष्ट झाली. पण तो तास विमानाचा होता, उंबरठ्याचा नव्हता. योजनेतल्या कित्येक सेवा सुरू झाल्या आणि काही काळाने बंद पडल्या. अनेकांच्या बाबतीत प्रवासी पुरेसे मिळत नव्हते. ते का मिळत नाहीत, याचे एक कारण आम्हांला वाटते ते असे: आठवड्यातून तीनच दिवस येणारे, पुढच्या विमानाला न मिळणारे विमान माणसाला जवळ नेत नाही. असा प्रवासी पुन्हा रात्रीच्या रेल्वेकडे वळतो.

मुंबई-पुणे विमान रोजच्या प्रवाशाचे वाहन का झाले नाही, याचेही उत्तर यात आहे. दोन विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. उड्डाण अर्ध्या तासाचे. पण दोन्ही टोकांचे जाणे, थांबणे, उतरणे धरले, की सव्वातीन तासांत दारापाशी नेणारी, १९३० सालापासून चालू असलेली डेक्कन क्वीन काही मागे पडत नाही.

आपल्या दाराशी आलेला विमानतळ

हे सर्व आम्ही आपल्यापुढे का मांडतो? कारण विमानतळ आता आपल्या दाराशी आला आहे. उलव्याची टेकडी कापून, नदीचा प्रवाह वळवून बांधलेला नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला. पहिल्या टप्प्यातच वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय तिथे धरली आहे. कर्जतपासून त्याचे सरळ अंतर सुमारे २८ किलोमीटर. खालापूरपासूनही जवळजवळ तेवढेच. मुंबईचा जुना विमानतळ कर्जतहून सरळ रेघेत ५० किलोमीटरांहून थोडा अधिक, आणि पुण्याचा घाटापलीकडे ७३ किलोमीटर. म्हणजे नकाशाच्या हिशेबाने आपल्याइतके भाग्यवान तालुके थोडेच.

जमिनीच्या जाहिरातींतून हे २८ किलोमीटर आपण वाचतो. "विमानतळापासून पंचवीस मिनिटांवर" असे फलक चौकपासून भिवपुरीपर्यंत दिसतात. शेतकऱ्याने त्या फलकाकडे पाहून शेत विकावे, आणि घेणाऱ्याने त्याच फलकावर विसंबून घ्यावे, असा व्यवहार चालला आहे. एकदा दिलेली भातखाचरे परत मिळत नाहीत. म्हणून फलकावरची मिनिटे कोणती, हे दोघांनीही विचारले पाहिजे. ती मध्यरात्रीच्या मोकळ्या रस्त्याची की सकाळी आठची? स्वतःच्या मोटारीची की एस. टी.ची? वैशाखातली की आषाढातली?

आमचीच एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी नागपूरला मावशी अत्यवस्थ असल्याचा निरोप रात्री आला. सकाळच्या विमानाचे तिकीट मिळाले. मुंबईचा विमानतळ गाठण्यासाठी आम्ही खोपोलीहून पहाटेच मोटारीने निघालो. तीन तास हाताशी ठेवले होते. वाटेत टँकर उलटला होता, आणि त्याच्यामागे गाड्यांची रांग लागली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा खिडकी बंद होऊन दहा मिनिटे झाली होती. काचेतून विमान दिसत होते. ते त्यानंतर अर्धा तास तिथेच उभे होते. दोष कोणाचाच नव्हता, नियम नियमाप्रमाणे चालला होता. संध्याकाळच्या गाडीने निघून दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला उतरलो. मावशीची गाठ पडली नाही. नव्वद मिनिटांच्या उड्डाणासाठी आम्ही धावलो, आणि ज्या सत्तर-ऐंशी किलोमीटरांचा विचारच केला नव्हता, तिथे अडकलो.

म्हणून आमचे म्हणणे असे, की विमानतळ किती किलोमीटरवर आहे याचा आनंद एकदा मानून झाला, की आपण गावकऱ्यांनी निराळे प्रश्न विचारायला लागावे. पहाटे सहाच्या विमानाला पोहोचवील अशी बस किंवा गाडी कर्जतहून, खोपोलीहून निघते काय? रात्री अकराला उतरलेल्या माणसाला घरी आणणारे वाहन आहे काय, की त्याने फलाटावर सकाळ करायची? पनवेलला उतरल्यावर पुढचे वाहन पाच मिनिटांत मिळते की पन्नास? घाटात किंवा महामार्गावर वाहतूक अडली, तर दुसरी वाट कोणती? हे प्रश्न नगरपालिकेच्या, तालुक्याच्या, रेल्वेच्या, एस. टी.च्या पातळीवरचे आहेत. त्यांना दिल्लीला जावे लागत नाही. १८५८ ते १८६३ या पाच वर्षांत खोपोलीला जे दिसले ते पुन्हा दिसू नये एवढेच. दोन वेगवान वाहनांच्या मध्ये उरलेला न जोडलेला तुकडाच सबंध प्रवासाचा वेग ठरवतो. तेव्हा तो तुकडा घाटाचा होता. आता तो पनवेल आणि आपले दार यांच्यामध्ये आहे.

आठवड्याने आम्ही सूनबाईंना उत्तर दिले. नकाशावर ९४० किलोमीटर. थेट विमान असले तर पावणेदोन ते सव्वादोन तास. आणि कुडाळच्या घरातून गोंदियाच्या घरात, हैदराबादमार्गे, सारे जुळून आले तर सकाळी निघून रात्री. न जुळले तर दुसरा दिवस. त्यांनी ते कागदावर लिहून घेतले. मग विचारले, "आणि काका, इथून, कर्जतहून?"

इथून निराळे. संध्याकाळच्या लोकलने कल्याणला जावे, मुंबईहून रात्री गोंदियाला जाणारी विदर्भ एक्सप्रेस पकडावी, आणि दुसऱ्या दिवशी माहेरी उतरावे. फारच तातडी असेल तर विमानाने नागपूर, आणि तिथून पुढे रेल्वेने १३० किलोमीटर. दारापासून दारापर्यंत आठ-नऊ तास, रस्ता मोकळा असला तर.

"म्हणजे शेवटी घाट मोकळा असला तर, तसेच की," असे त्या म्हणाल्या आणि हसल्या. कागद त्यांनी घडी करून फडताळात ठेवला. त्यावर आम्ही एक ओळ मागाहून लिहून दिली आहे: पनवेलच्या पहिल्या गाडीची वेळ. ती दर सहा महिन्यांनी बदलून घ्यावी, असेही बजावले आहे.